टेबलाखालचा हीटर

न्यूयॉर्क शहरापासून उत्तरेला मोटारीने पाच-सहा तासांच्या अंतरावर, कॅनडाच्या सीमेजवळ, फोर्ट ड्रम नावाचे अमेरिकी लष्कराचे मोठे ठाणे आहे. पर्वतीय युद्धासाठी नावाजलेली दहावी डिव्हिजन तेथे असते. ओंटारिओ सरोवरावरून येणारे ढग हिवाळ्यात या भागावर बर्फाचे थरच्या थर रचतात. अशा ठाण्यातील कार्यालयांत गणवेशधारी सैनिकांइतकेच साधे नागरी कर्मचारीही असतात. पगारपत्रके करणारे, भांडाराच्या नोंदी ठेवणारे, रजेचे अर्ज निकालात काढणारे. त्यांतील एखादी हिशेबनीस जानेवारीच्या सकाळी कामावर येते, कोट काढते, खुर्चीवर बसते आणि पायाने चाचपून टेबलाखालच्या छोट्या हीटरचे बटण दाबते. हीटर तिने स्वतःच्या पैशाने आणलेला आहे. सरकारकडे तिने काही मागितलेले नाही. पाय गरम राहिले तर बोटे चालतात आणि बोटे चालली तर सरकारचेच काम होते. यात कोणाचे काय गेले, असे तिला वाटले तर तिला दोष देता येणार नाही.

परंतु नियम तिच्या बाजूचा नाही. सरकारी ताब्यातील इमारतीत सुटे हीटर, पंखे आणि तत्सम उपकरणे इमारतीच्या व्यवस्थापकाच्या परवानगीवाचून वापरता येणार नाहीत, असे अमेरिकेच्या केंद्रीय नियमावलीत स्पष्ट लिहिलेले आहे. लष्करी ठाण्यांवर त्याला स्थानिक आदेशांची जोड मिळते. आपल्या टेबलाशी छोटा फ्रिज ठेवू नये, कॉफीचे यंत्र ठरवून दिलेल्या सामाईक खोलीतच असावे, परवानगीने आणलेल्या उपकरणावर मान्यताप्राप्त सुरक्षा-चिन्ह असावे, हीटर कलंडला तर तो आपोआप बंद झाला पाहिजे, तो भिंतीतील सॉकेटलाच जोडावा, लांब वायरीच्या पट्टीला नव्हे, अशा तऱ्हेचे हे आदेश असतात. लष्कराच्या अनेक इमारतींत कर्मचाऱ्यांपैकीच एकाकडे ऊर्जा-निरीक्षकाचे जादा काम सोपवलेले असते. कोणाच्या टेबलाखाली लाल दिवा दिसतो का, हे पाहणे त्याच्याकडे येते. ज्या सहकाऱ्याबरोबर दुपारी डबा खायचा, त्याच्याच पायाशी वाकून पाहायचे, हे काम काही सुखाचे नव्हे.

लष्करासारख्या बलाढ्य संस्थेने एका हीटरसाठी इतका कागद का खर्च करावा, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे पहिले उत्तर साध्या गुणाकारात सापडते. असा हीटर साधारणतः १,५०० वॉटचा असतो. तो आठ तास अखंड चालला तर १२ युनिट वीज जाते. हिवाळ्याचे कामाचे १०० दिवस धरले, तर एका हीटरचे १,२०० युनिट होतात. ठाण्यावर असे २०० हीटर असले की आकडा २,४०,००० युनिटांवर जातो. हा केवळ कागदावरचा हिशेब आहे. हीटर अधूनमधून बंदही होतो, हे मान्य. तरीही पेढीवर बसलेल्या कोणालाही यातले मर्म सांगावे लागणार नाही. किरकोळ म्हणून सोडून दिलेली रक्कम एका गिऱ्हाइकाच्या खात्यावर किरकोळ असते. खतावणीच्या शेवटच्या पानावर ती किरकोळ राहत नाही.

अमेरिकेच्या केंद्र सरकारातील ऊर्जेचा सर्वांत मोठा ग्राहक तेथील संरक्षण खाते आहे. त्यातला मोठा भाग विमाने, जहाजे आणि रणगाडे यांच्या इंधनावर जातो. परंतु इमारतींचा वाटाही लहान नाही. २००७ साली तेथील संसदेने केलेल्या कायद्याने केंद्रीय इमारतींना २००३ च्या तुलनेत २०१५ पर्यंत दर चौरस फुटामागील ऊर्जेचा वापर ३० टक्क्यांनी घटवण्याचे बंधन घातले. तेव्हापासून टेबलाखालच्या हीटरकडे पाहण्याची वरिष्ठांची नजर अधिकच तीक्ष्ण झाली. त्याहीपूर्वी ऊर्जाटंचाईच्या काळात अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७७ च्या फेब्रुवारीत लोकरी स्वेटर घालून दूरचित्रवाणीवरून देशाशी संवाद साधला होता आणि घरातले तापमान दिवसा ६५ अंश फॅरनहाइटवर ठेवण्याची विनंती केली होती. १९७९ च्या जुलैत त्यांनी विनंतीचा हुकूम केला. निवासी नसलेल्या इमारती हिवाळ्यात ६५ अंशांच्या वर तापवायच्या नाहीत आणि उन्हाळ्यात ७८ अंशांच्या खाली थंड करायच्या नाहीत. आपल्या मापाने सांगायचे तर १८ च्या थोडे वर आणि २६ च्या थोडे खाली.

गंमत अशी की हे हीटर केवळ हिवाळ्यातच चालतात असे नाही. दक्षिणेकडच्या ठाण्यांत भर उन्हाळ्यात, बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असताना, वातानुकूलित कचेरीत कुडकुडणारे कर्मचारी टेबलाखाली हीटर लावतात. म्हणजे हवा थंड करण्यासाठी एकदा वीज जाळायची आणि तीच हवा पुन्हा गरम करण्यासाठी दुसऱ्यांदा जाळायची. त्यात हीटर जर तापमान मोजणाऱ्या यंत्राजवळ असला, तर ते यंत्र फसते, खोली तापली असे समजून आणखी थंड हवा सोडते आणि पलीकडच्या टेबलावरचा माणूसही दुसऱ्या दिवशी हीटर घेऊन येतो. एकाच दुकानाच्या दोन भागीदारांनी एकमेकांविरुद्ध भाव पाडावेत, तसा हा प्रकार आहे.

तरी कुडकुडणाऱ्याला हसून चालणार नाही. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०१५ साली असे दाखवून दिले की कार्यालयांचे ‘सुखकर’ तापमान ठरवण्याच्या सूत्रात मानवी शरीराच्या उष्णतेचा जो आकडा घेतला जातो, तो १९६० च्या दशकातला, चाळिशीच्या आणि सुमारे ७० किलो वजनाच्या पुरुषाचा आहे. स्त्रियांच्या शरीरात बसल्या कामात तितकी उष्णता निर्माण होत नाही. लष्करी कार्यालयात तर पूर्ण बाह्यांचा जाड गणवेश घातलेला जवान आणि साध्या पोशाखातली नागरी कर्मचारी एकाच खोलीत बसतात. दोघांना एकच तापमान मानवावे, ही अपेक्षा सूत्राची आहे, निसर्गाची नव्हे. म्हणूनच नियमात परवानगीची फट ठेवलेली असते. १९७३ च्या पुनर्वसन कायद्यानुसार, ज्याला व्याधीमुळे उबेची खरोखर गरज आहे, त्याला वैद्यकीय कागद दाखवून सवलत मागता येते. बाकीच्यांना सांगितले जाते की आधी दुरुस्ती विभागाकडे तक्रार नोंदवा. आणि पुष्कळदा खरे कारण तेथेच सापडते: गरम हवेची जाळी कोणीतरी फायलींचे कपाट सरकवून बुजवलेली असते. कपाट हलवले की प्रश्न मिटतो. पण तक्रार लिहून वाट पाहण्यापेक्षा दुकानातून हीटर आणणे सोपे, आणि बहुतेक नियमभंग वाईट हेतूने नव्हे तर या सोपेपणापायीच होतात.

दुसरे कारण तारांचे आहे. अमेरिकेत विजेचा दाब १२० व्होल्ट असतो, म्हणजे आपल्याकडील दाबाच्या जवळपास निम्मा. त्यामुळे त्याच १,५०० वॉटच्या हीटरला आपल्याकडे साडेसहा अँपिअर पुरतात, तर तेथे साडेबारा लागतात. जुन्या इमारतींत एका तारेवर १५ अँपिअरचा भार चालतो आणि त्याच तारेवर चार टेबले असतात. एकाने हीटर लावला आणि दुसऱ्याने कॉफीचे यंत्र सुरू केले की भार २० अँपिअरवर जातो, खटका पडतो आणि तिसऱ्याच्या संगणकावरचे अर्धवट पत्रक नाहीसे होते. खटका पडला तर नशीब म्हणावे. हीटर लांब वायरीच्या स्वस्त पट्टीला जोडलेला असेल, तर खटका पडण्यापूर्वी ती पट्टीच तापून वितळू लागते. आणि हे बहुधा घडते ते टेबलाखाली, कागदाच्या टोपलीशेजारी, सर्वजण घरी गेल्यावर.

लष्करी कार्यालयात आग लागली तर काय होते, याचे एक उदाहरण अमेरिकेच्या इतिहासात आहे. ती आग कोणाच्या हीटरने लागलेली नव्हती, हे आधीच सांगितले पाहिजे. तिचे कारण आजवर निश्चित ठरलेले नाही. मिसुरी राज्यातील सेंट लुईसजवळ सहा मजल्यांच्या एका इमारतीत सैनिकांची सेवापत्रके ठेवलेली होती. १२ जुलै १९७३ रोजी मध्यरात्रीनंतर वरच्या मजल्यावर आग लागली. अभिलेखांच्या दालनांत पाण्याचे स्वयंचलित फवारे नव्हते आणि मजला अडवणाऱ्या अग्निरोधक भिंतीही नव्हत्या. आग बावीस तास आटोक्यात आली नाही. ती पूर्ण विझल्याचे जाहीर व्हायला चार दिवस लागले. एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख सैनिकांची कागदपत्रे नष्ट झाली. १९१२ ते १९६० या काळात निवृत्त झालेल्या पायदळ सैनिकांच्या दर पाच पत्रकांपैकी चार गेली. त्यांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, सूक्ष्मचित्रफिती नव्हत्या आणि काय जळाले याची पूर्ण सूचीही नव्हती.

या आकड्यांमागे माणसे होती. पहिल्या महायुद्धात लढलेले वृद्ध, दुसऱ्या महायुद्धातून परतलेले प्रौढ आणि कोरियात गेलेले तरुण. कोणाला रुग्णालयात उपचार हवे होते, कोणाच्या विधवेला निवृत्तिवेतन हवे होते, कोणाला लष्करी इतमामाने दफन हवे होते. प्रत्येकाला एकच सिद्ध करायचे होते की आपण सैन्यात होतो. आणि सरकारकडे त्याचा कागद उरलेला नव्हता. ज्याने देशासाठी पाय गमावला, त्याने आता तो कोठे गमावला हे पुराव्याने दाखवायचे.

यातून मार्ग निघाला, तो हिशेबाच्या कागदांतून. सरकारच्या लेखापरीक्षा कार्यालयाकडे सैनिकांच्या शेवटच्या पगाराची व्हाउचरे साठवलेली होती. सैनिकाचे नाव, त्याचा सेवाक्रमांक, सेवेच्या तारखा आणि तो कोणत्या शेऱ्याने मुक्त झाला, इतके त्यावरून कळे. त्या व्हाउचरांच्या आणि इतर पूरक नोंदींच्या आधारे लाखो सैनिकांच्या नव्या फाइली तयार करण्यात आल्या. भिजलेल्या कागदांचे गठ्ठे दुधाच्या पिशव्या वाहून नेण्याच्या प्लास्टिकच्या खोक्यांत भरून मॅकडॉनेल डग्लस या विमाने बनवणाऱ्या कंपनीच्या निर्वात कक्षात वाळवले गेले. एकंदर पासष्ट लाखांच्या आसपास फाइली अर्धवट जळक्या किंवा भिजक्या अवस्थेत हाती आल्या. त्या आजही थंड दालनात जपून ठेवलेल्या आहेत. एखाद्या कारकुनाने कंटाळून लिहिलेले आणि लेखापरीक्षकाने खूण करून बाजूला ठेवलेले व्हाउचर चाळीस वर्षांनी एखाद्या म्हाताऱ्याच्या औषधपाण्याची सोय करील, असे ते लिहिताना कोणाला वाटले असेल? जुनी व्हाउचरे किती वर्षे ठेवायची, या प्रश्नाला बँकांत आणि पेढ्यांत नेहमी त्रासिक उत्तर मिळते. त्या उत्तरात ही हकिकत जमेस धरायला हरकत नाही.

आगीइतकेच लष्कराला भय असते ते कानांचे. १९९९ च्या जानेवारीत अशी बातमी आली की मेरीलँडमधील फोर्ट मीड येथे असलेल्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने ‘फर्बी’ नावाचे केसाळ, बोलणारे खेळणे कार्यालयात आणण्यास मनाई केली आहे. ते ऐकलेले बोल टिपून बाहेर बडबडेल, अशी शंका होती. खेळणे काहीच ध्वनिमुद्रित करत नाही, असे उत्पादकांनी सांगितले. तेव्हा जगाने हसून घेतले. पुढे २००८ साली लष्कराच्या संगणकांत घातक प्रणाली शिरली आणि नोव्हेंबरात खिशातल्या यूएसबी साठवणीवर सरसकट बंदी आली. २०१८ च्या आरंभी व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या एका अ‍ॅपच्या नकाशावर, धावणाऱ्या सैनिकांच्या मार्गांवरून, परदेशांतील तळांच्या आकृत्या उजेडात आल्या. आता गोपनीय दालनांच्या दाराशी मोबाइल ठेवण्याचे छोटे कप्पे असतात, आणि सरकारी संगणकाला लावून स्वतःचा फोन चार्ज करणे हादेखील गुन्हा मानला जातो. फर्बीला हसणारे आता फारसे उरलेले नाहीत.

तरीही मूळ प्रश्न बाकी राहतो. हिशेबनिसाचा हीटर घरी गेला, तिच्या शेजाऱ्याचे कॉफीचे यंत्र गेले, कोपऱ्यातला जुना फ्रिज गेला. मग माणसांनी दुपारचा डबा कोठे ठेवायचा आणि गरम कशावर करायचा? कार्यालयाने द्यावे, असे म्हणणे सोपे आहे. पण कार्यालयाच्या हातात पैसा आहे तो करदात्यांचा. कायद्याने मंजुरी दिल्यावाचून खजिन्यातून पैसा काढता येणार नाही, हे अमेरिकेच्या राज्यघटनेतच आहे. आणि ज्या कारणासाठी पैसा मंजूर झाला त्याच कारणाला तो खर्च व्हावा, हा नियम १८०९ पासून कायद्यात आहे. बंदुकीसाठी दिलेल्या पैशातून बटाटे गरम करण्याची पेटी घेता येईल काय?

पुण्यात, खडकीला किंवा देवळालीला लष्कराला माल पुरवलेल्या व्यापाऱ्यांना लष्करी लेखा कार्यालयाची नजर कशी असते, हे वेगळे सांगायला नको. अमेरिकेतील नजरही तशीच. अन्न आणि त्यासंबंधीची सोय हा कर्मचाऱ्याचा वैयक्तिक खर्च, ही तेथील लेखापरीक्षकांची जुनी भूमिका. आसपास खाण्याची सोयच नसेल, किंवा कामाच्या वेळी ती बंद असेल, तरच फ्रिज किंवा ओव्हन घेण्यास ते मान्यता देत. २००४ मध्ये हवाई बेटांवरील पॅसिफिक कमांडच्या मुख्यालयाने हा प्रश्न थेट त्यांच्यापुढे ठेवला. पर्ल हार्बरच्या वरच्या टेकडीवर, कॅम्प स्मिथ येथे हे मुख्यालय आहे. एके काळी तेथे दुसऱ्या महायुद्धातील नौदलाचे रुग्णालय होते. सामाईक जागेत ठेवण्यासाठी फ्रिज, मायक्रोवेव्ह आणि मोठी कॉफी-यंत्रे सरकारी पैशातून घ्यावीत काय, असे मुख्यालयाने विचारले. हिंद महासागरापासून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंतच्या लष्करी हालचाली पाहणाऱ्या कार्यालयाने मायक्रोवेव्हसाठी आधी लेखी परवानगी मागावी, यात काहींना हसू दिसेल. हिशेबाची सवय असलेल्याला त्यात आदर वाटेल.

२५ जून २००४ रोजी उत्तर आले. ते होकारार्थी होते. आपली जुनी भूमिका बदलून लेखापरीक्षकांनी कसोटी अशी धरली की मुख्य लाभ कोणाचा होतो. उपकरणामुळे काम नीट चालत असेल, माणसांचे आरोग्य आणि इमारतीची सुरक्षितता राखली जात असेल, तर तो कार्यालयाचा खर्च. त्यात कर्मचाऱ्याची थोडी सोय झाली तरी बिघडत नाही. पण ज्याचे सुख एकट्याचे, त्याचा खर्चही एकट्याचा. आणि त्याबरोबर त्यांनी सांगितले की असे काही घेणाऱ्या प्रत्येक खात्याने आधी धोरण लिहावे: उपकरणे एकसारखी असावीत, किती घ्यायची आणि कोणत्या किमतीपर्यंत हे ठरलेले असावे, खर्चाचा काही भाग कर्मचाऱ्यांनी उचलावा काय याचा विचार व्हावा, आणि उपकरण सर्वांना वापरता येईल अशा जागीच असावे. कोणा साहेबाच्या खोलीत, त्याच्या एकट्यासाठी नव्हे.

ज्या घरांत दुकान आणि ओसरी एकाच छताखाली असतात, तेथे ही कसोटी नवी नाही. गिऱ्हाइकाला दिलेला चहा दुकानखर्चात पडतो. घरातल्या पाहुण्याला दिलेला चहा मालकाच्या उचल खात्यावर. पातेले तेच, साखर तीच, गॅसही तोच. तरी रोजमेळ लिहिणारा मुनीम दोन वेगळ्या ओळी लिहितो, आणि मालकाने त्या एक करायला सांगितल्या तर मान खाली घालतो, पण लेखणी थांबवतो. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला व्यवसाय आणि मालक या दोन स्वतंत्र व्यक्ती असल्याचे शिकवतात, तेव्हा मुलांना ते कृत्रिम वाटते. एका कॉफी-यंत्राच्या निमित्ताने जगातल्या एका बलाढ्य लष्कराला तोच धडा लिहून घ्यावा लागला.

यंत्र सरकारचे आणि वीजही सरकारची, पण कॉफीची भुकटी, दूध आणि साखर आजही ज्याची त्याने आणायची. अमेरिकी नौदलात आणि इतर दलांतही कर्मचारी दरमहा ठरलेली वर्गणी काढून कॉफीचा सामान घेतात. या व्यवस्थेला तेथे ‘कॉफी मेस’ म्हणतात. अशा खोलीत यंत्राशेजारी बहुधा एक डबा असतो आणि नावांची यादी. वर्गणी दिली की नावापुढे खूण. पहारा नाही, पावती नाही. महिनाअखेरीस कोणीतरी कनिष्ठ माणूस डबा पालथा करून नाणी मोजतो, यादीशी ताडून पाहतो, आणि दोन डॉलर कमी भरले तर पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतो.